म्युझिक कॉलेज तीन आठवड्यांवर आलंय आणि मला नोटेशन वाचता येत नाही

नवखा_कानसेन

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

कंटेम्पररी म्युझिकच्या कॉलेजला ॲडमिशन मिळालीये, मेन इन्स्ट्रुमेंट गिटार, तीन आठवड्यांनी क्लासेस सुरू. घरचे खूश आहेत आणि मी रात्रीचा छताकडे बघत पडलेला असतो. कारण मी जे काही शिकलोय ते सगळं कानाने. आठ वर्षं वाजवतोय, गाणं दोनदा ऐकलं की कॉर्ड्स सापडतात, सोलो पण उचलता येतात, पण समोर पाच रेघांचा कागद ठेवला की मुंग्यांची रांग चाललीये असं वाटतं. ऑडिशनला दोन गाणी तयार करून न्यायची होती ती झकास गेली, मग त्यांनी साइट रीडिंगसाठी, म्हणजे न बघितलेलं नोटेशन लगेच वाचून वाजवण्यासाठी, चार ओळींचा कागद पुढे केला, मी पहिल्या दोन बारमध्ये (उभ्या रेघांमधल्या घरांमध्ये) बोटाने रेघा मोजल्या आणि मग सरळ सांगून टाकलं की सर मला हे येत नाही. ते "बरं" म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. तरीही घेतलंच मला, का घेतलं ते त्यांनाच माहीत.

टाइमटेबल आलंय. हार्मनी, इअर ट्रेनिंग, एन्सेम्बल म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवणं, ते आठवड्यातून दोनदा, गिटारचा एकट्याचा लेसन, कीबोर्ड (गिटारवाल्यांना पण कंपल्सरी, का??), म्युझिक टेक्नॉलॉजी, आणि म्युझिक बिझनेस म्हणून एक काहीतरी. पहिल्याच दिवशी प्लेसमेंट टेस्ट.

नव्या बॅचचा ग्रुप झालाय, त्यात रोज कोणीतरी आपला व्हिडिओ टाकतं. परवा एकाने सात मात्रांच्या ग्रूव्हवर सोलो टाकला, तो बघून मी गिटार केसमध्ये ठेवली ती आज संध्याकाळपर्यंत बाहेर काढली नव्हती.

विचारायचंय एवढंच की तीन आठवड्यांत काय केलं तर पहिल्या महिन्यात लाज जाणार नाही? नोटेशनचा क्रॅश कोर्स करू का थिअरीचं जाडजूड पुस्तक घेऊन बसू? काय काय विकत घ्यावं लागतं? आणि खरं सांगा, कानावर वाजवणारा माणूस तिथे टिकतो का.

खर्जातली_बाई

मी बेस वाजवते, अशाच एका कॉलेजातून पास होऊन बाहेर पडले, आणि आत जाताना मला बास क्लेफ (खर्जाच्या सुरांसाठीचं नोटेशनचं चिन्ह) उलटा धरला तरी कळलं नसतं, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ग्रुपवरचे व्हिडिओ बघणं बंद कर. माणूस स्वतःची सगळ्यात चांगली दीड मिनिटं टाकतो, तीही कितव्या टेकला जमलीयेत ते सांगत नाही. आमच्यात एक होता, व्हिडिओत आग लावायचा, आणि पहिल्या रिहर्सलला "सतराव्या बारपासून घेऊ" म्हटलं की गडबडायचा कारण त्याला गाणं फक्त सुरुवातीपासूनच वाजवता यायचं. तुझा सात मात्रावाला पण बघशील तसाच निघेल.

रीडिंगचं म्हणशील तर तीन आठवड्यांत नोट्स वाचायला शिकणार नाहीसच, त्या नादाला लागू नकोस. ऱ्हिदम वाचायला शिक. एकच नोट धर, कुठलीही, आणि कागदावरच्या नुसत्या लांबी वाजव, क्वार्टर (एक मात्रा), एट्थ (अर्धी), रेस्ट (गप्प बसायचं), टाय (दोन नोट्स जोडून धरायच्या). वाचणारे जे अडखळतात ते बहुतेक वेळा सुरावर नाही तर लयीवर अडखळतात, कारण चुकीचा सूर लागला तरी गाणं पुढे जातं पण मात्रा चुकली की तू एका बारमध्ये आणि बाकीचे दुसऱ्याच. मेट्रोनोम, म्हणजे ते टिकटिक करणारं यंत्र, ५० वर लाव आणि त्याची प्रत्येक टिक म्हणजे एक-तीन नाही तर दोन आणि चार असं समज, म्हणजे गाणं शंभरच्या टेम्पोत चाललं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. तिसऱ्या दिवशी बसेल.

दुसरं म्हणजे चार्टचा, म्हणजे गाण्याचे कॉर्ड आणि क्रम लिहिलेल्या कागदाचा, रस्ता वाचायला शिक. कॉर्ड तुला ऐकून कळतील रे, पण रिपीट, पहिलं एंडिंग, दुसरं एंडिंग, डी.एस. म्हणजे त्या वेड्यावाकड्या एस सारख्या चिन्हापाशी परत जा, आणि मग कोड्याची खूण आली की शेवटच्या भागात उडी मार. चार्ट ही सापशिडी आहे, आणि तू एकटा चुकीच्या शिडीवर चढलास की अख्ख्या खोलीला कळतं.

आता एन्सेम्बल, कारण खरं कॉलेज तेच आहे, बाकी सगळं पुस्तकातून पण मिळतं. माझी पहिली रिहर्सल सांगते. सहा जण, सगळे एकमेकांना अनोळखी, प्रत्येकाला वाटतंय की आत्ताच दाखवलं पाहिजे. मी तर प्रत्येक बारच्या शेवटी काहीतरी घुसवत होते. आठ बार झाले आणि सरांनी हात वर केला, थांबलो. मला म्हणाले, "ड्रमर आत्ता काय वाजवत होता ते तोंडाने म्हणून दाखव." मला काही म्हणता येईना. मग ड्रमरला विचारलं गायिका कुठल्या शब्दावर आली, तो पण गप्प. सगळी खोली गप्प. मग मला म्हणाले की हे गाणं आता पूर्ण वाजव पण प्रत्येक बारला एकच नोट, पहिल्या मात्रेवर, आणि ती पुढची नोट येईपर्यंत धरून ठेव. इतकं कंटाळवाणं मी जन्मात वाजवलं नव्हतं, आणि दुसऱ्या व्हर्सला ड्रमरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र वाजवतोय असं वाटलं.

गिटारवाल्यांवर माझा वैयक्तिक राग आहे तोही काढून घेते. तुम्ही लोक सहाच्या सहा तारा झोडता, खालच्या दोन तारांवर माझीच नोट वाजवता, वरून पियानोवाल्याच्या जागेत घुसता आणि मग म्हणता साउंड चिखल झाला. कॉर्डचा रूट, म्हणजे पायाचा सूर, बेसकडे असतो, तो मला दे. तुझ्याकडे फक्त तिथून मोजलेला तिसरा आणि सातवा सूर ठेव, कॉर्डची ओळख त्या दोघांतच असते. करून बघ: डी मायनर सेव्हनसाठी डी च्या तारेवर तिसरा फ्रेट आणि जी च्या तारेवर पाचवा, म्हणजे एफ आणि सी. आता जी सेव्हनला जायचंय, तर वरचं बोट एक फ्रेट मागे, सी चा बी झाला, एफ जागेवरच. मग सी मेजर सेव्हन, आता खालचं बोट एक फ्रेट मागे, एफ चा ई झाला, बी जागेवर. दोन तारा, दर वेळी एकच बोट एकच घर हलतंय, आणि तीन कॉर्ड झाले. हे बाराही कीज मध्ये, म्हणजे पट्ट्यांत, बसव. तीन आठवडे त्यातच जातील आणि जाडजूड पुस्तकापेक्षा जास्त हार्मनी कळेल.

विकत काय घ्यायचं तर पेन्सिल. चेष्टा नाही करत. आणि खोडरबर.

फुकट_सल्ला_केंद्र

माझं मत कोणी विचारलं नाहीये तरी देतो. एरॉल गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं, वेस मॉन्टगोमेरीला येत नव्हतं, आणि लोक आज त्यांचं वाजवणं उतरवून कॉलेजात शिकवतात. कान असलेल्या पोराला तीन वर्षं कागदासमोर बसवून काय मिळतं तर सगळ्यांसारखा वाजवणारा अजून एक. सगळं नेटवर आहे, त्याच वेळात गिग्स कर, रेकॉर्डिंग कर, चार पैसे मिळतील. मी स्वतः कुठल्याही कॉलेजात गेलो नाही आणि आज पोट त्याच्यावरच आहे.

खडू_फळा

वरच्या भाऊंचं अर्धं मला पटतं. वेस मॉन्टगोमेरीला वाचता येत नव्हतं हे खरंच आहे, पण तो वेस मॉन्टगोमेरी होता हेही तितकंच खरं आहे, आपण उदाहरण देताना दुसरा भाग गाळतो. आणि न वाचणारे लोक कागदाशिवाय चालवतात असं पण नसतं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या ग्रुपमधल्या नील मॅथ्यूजने आकड्यांची पद्धत काढली, की सी असेल तर सी च्या ऐवजी एक, एफ च्या ऐवजी चार, जी च्या ऐवजी पाच. गायकाचा आवाज बसला असेल आणि की बदलली तरी कागद तोच राहतो. ती पद्धत तिथे आजही चालते. म्हणजे कागद हवाच, कुठला हवा एवढाच वाद आहे.

मी अशा कॉलेजात बरीच वर्षं इअर ट्रेनिंग शिकवलंय, ऑडिशनच्या टेबलाच्या पलीकडे पण बसलोय, म्हणून तुला का घेतलं त्याचा अंदाज सांगतो. साइट रीडिंगचा कागद बऱ्याचदा पास-नापास करायला नसतोच, तुला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला असतो. दर वर्षी निम्मी मुलं त्या कागदावर थापा मारतात, काहीतरी वाजवतात आणि आमच्या तोंडाकडे बघतात. "येत नाही" म्हणणारा आम्हाला बरा वाटतो, निदान कुठून सुरुवात करायची ते कळतं.

म्हणून प्लेसमेंट टेस्टसाठी रट्टा मारू नकोस. रट्टा मारून वरच्या वर्गात गेलेली मुलं मी पाहिलीत, तिसऱ्या आठवड्यात त्यांचा चेहरा उतरतो आणि खाली यायला लाज वाटते. जे येतं तेवढंच लिही.

तुझा इअर ट्रेनिंगचा वर्ग तुला सोपा जाईल असं वाटत असेल तर थोडा थांब. तुझा कान चांगला आहे पण तो नाव घेत नाही. तुझं बोट सुरापर्यंत पोचतं पण तो कितवा सूर आहे ते तोंडाला माहीत नसतं, आणि वर्गात गिटार हातात नसते. सरगम म्हणता येत असेल तर मात्र निम्मं काम झालंय. बऱ्याच कॉलेजात मूव्हेबल डो असतो, म्हणजे कुठलीही की असली तरी पहिला सूर डो, आपला सा जसा कुठल्याही पट्टीत सा च राहतो तसा. कोमल गंधार म्हणजे त्यांचा मे, तीव्र मध्यम म्हणजे फी, कोमल निषाद म्हणजे ते. नावं बदलायची, कान तोच. फक्त पहिल्याच तासाला विचारून घे की तिथे मूव्हेबल आहे की फिक्स्ड, कारण फिक्स्डमध्ये डो म्हणजे कायम सी च, आणि सरगमवाल्यांची तिथे फार तारांबळ उडते.

कीबोर्ड कंपल्सरी का, तर हे करून बघ. पहिली तार मोकळी छेड, ई. आता तोच ई, अगदी त्याच उंचीचा, दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला आहे, तिसऱ्यावर नवव्या, चौथ्यावर चौदाव्या, पाचव्यावर एकोणिसाव्या. पियानोवर तो एकाच ठिकाणी आहे. गिटारवाले हळू वाचतात त्यात त्यांचा आळस कमी आणि हे जास्त असतं, डोळ्याने सूर ओळखला तरी हाताला पाच पत्ते सापडतात. शिवाय गिटारचं नोटेशन वाजतं त्याच्या एक ऑक्टेव्ह (सप्तक) वर लिहितात, म्हणजे तोच कागद पियानोवालीने वाजवला तर ती तुझ्या एक ऑक्टेव्ह वर वाजेल. हार्मनी कळायला पट्ट्या समोर दिसलेल्या बऱ्या, म्हणून कीबोर्ड. तक्रार करू नकोस.

काठी_अन_ठोका

ड्रमर. छोटंसं लिहितो.

इअरप्लग घे. पेन्सिलच्या पण आधी. फोमचे नको, ते वरचा आवाज जास्त कापतात आणि सगळं उशी तोंडावर धरल्यासारखं ऐकू येतं, मग माणूस वैतागून काढून ठेवतो. म्युझिशियन्ससाठीचे मिळतात ते सगळा आवाज साधारण सारखाच खाली आणतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जो हिशोब वापरतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. छोट्या खोलीत माझ्यासारखा एक माणूस आणि दोन ॲम्प असले की १०० ला पोचायला काही कष्ट लागत नाहीत. मी पहिलं वर्ष हिरोगिरी केली, आता शांत खोलीत डाव्या कानात शिट्टी वाजते, ती बंद होत नाही.

बाकी, ॲम्पच्या समोर पाय करून उभा राहू नकोस. ॲम्प तुझ्या गुडघ्यांना ऐकू जातोय आणि तू म्हणतोस ऐकू येत नाही आवाज वाढव. तिरका कर, कानाकडे.

काळी_पाच

मी गाते. मी सांगते ते थोडं हसण्यासारखं आहे पण उपयोगी पडेल.

लहानपणापासून पेटीवर शिकले त्यामुळे माझ्या डोक्यात पट्ट्या म्हणजे काळी एक, पांढरी चार वगैरे. पहिल्या एन्सेम्बलला विचारलं तुझी की काय, मी आत्मविश्वासाने म्हणाले काळी पाच. सगळे माझ्याकडे बघतायत. मग पियानोपाशी जाऊन बोट ठेवून दाखवावं लागलं, तेव्हा कळलं की मी आयुष्यभर बी फ्लॅट मध्ये गातेय. तेव्हा ज्यांच्या डोक्यात पेटी आहे त्यांनी एक कागद करून भिंतीला चिकटवा, पांढरी एक सी, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, काळी दोन ई फ्लॅट, काळी पाच बी फ्लॅट.

आणि गिटारवाल्या बाळा, तुझी आवडती की ई असेल, ए असेल, जी असेल, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. ट्रम्पेट-सॅक्सवाले आले की ते संपलं. ट्रम्पेटचा लिहिलेला सी म्हणजे आपला बी फ्लॅट, ऑल्टो सॅक्सचा सी म्हणजे ई फ्लॅट, त्यामुळे त्यांना फ्लॅटच्या कीज सोप्या जातात आणि मग चार्ट पण त्यातच येतात. कोणी "कॉन्सर्ट" असं म्हणालं की समज तुझ्या भाषेतला सूर सांगतायत, तुला काही बदलायचं नाही. मला हे कळायला अर्धं सेमिस्टर लागलं कारण विचारायची लाज वाटली.

गायकांसोबत वाजवशील तेव्हा कृपा करून विचार की टेम्पो काय. आम्ही पण सांगत नाही, आम्ही नुसतं "थोडं फील मध्ये" म्हणतो, तो आमचा दोष आहे.

नवखा_कानसेन

बापरे, एवढं सगळं. ते तिसरा-सातवा सूर कालपासून करतोय ताई, सी आणि एफ मध्ये बसलं, बाकीच्या कीज मध्ये अजून बोटाआधी डोकं अडकतं. दोन आणि चार वरचा मेट्रोनोम मात्र माझा शत्रू आहे, दहा बार झाले की तो गपचूप एक आणि तीन होतो.

अजून एक, टेक्नॉलॉजीच्या क्लाससाठी काही महागडं घ्यावं लागेल का? माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि गिटार लावली की आवाज उशिरा येतो, वाजवल्यावर मग ऐकू येतं. आणि ते म्युझिक बिझनेस बंक केलं तर चालेल का, एक सीनियर म्हणाला झोपायचा तास असतो.

बटणबहाद्दर

आवाज उशिरा येतो त्याला लेटन्सी म्हणतात आणि बहुतेक वेळा लॅपटॉप जुना असण्यापेक्षा सेटिंग चुकलेलं असतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर साइज बघ, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून मग पुढे पाठवतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल असेल तर नुसत्या त्या बफरचेच २३ मिलिसेकंद होतात, आणि आत जायला एकदा बाहेर यायला एकदा धरलं तर बोटाला जाणवणारच. रेकॉर्ड करताना १२८ वर आण, तो एक बफर ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. तुलना म्हणून सांगतो, हवेतून आवाजाला एक मीटर यायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून एक पाऊल मागे सरकल्याएवढाच फरक. आवाज तुटायला लागला तर २५६. आणि मिक्स करताना परत १०२४ कर, तेव्हा उशीर झाला तरी कोणाचं काही अडत नाही. साधा दोन इनपुटचा इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडायची डबी) आणि बरा बंद हेडफोन, यापुढे पहिल्या वर्षी काही घेऊ नकोस, कॉलेजच्या स्टुडिओत सगळं असतं, तिथली बुकिंगची वही कुठे ठेवतात ते पहिल्या दिवशी शोध.

बिझनेसचा तास मात्र बंक करू नकोस, आता माझी रडकथा ऐक. सेकंड इयरला आम्ही चौघांनी प्रॅक्टिस रूममध्ये बसून एक गाणं केलं. रिफ माझा, शब्द एकीचे, ड्रमरने अख्खा ब्रिज फिरवला, चौथा त्या दिवशी नुसता बसला होता पण रेकॉर्डिंग त्याने केलं. कोणाचं किती ते कुठेच लिहिलं नाही कारण दोस्तीत काय लिहायचं. तीन वर्षांनी ते गाणं एका जाहिरातीसाठी कोणीतरी मागितलं, आणि चौघांची चार उत्तरं. गाणं म्हणजे कंपोझिशन हा एक हक्क, आणि त्याचं रेकॉर्डिंग हा वेगळा हक्क, हे आम्हाला तेव्हा भांडताना कळलं, वर्गात सांगितलं होतं तेव्हा मी झोपलो होतो. शेवटी त्या लोकांनी कंटाळून दुसरं गाणं घेतलं. आम्ही चौघं आता एकमेकांच्या लग्नाला पण जात नाही. स्प्लिट शीट म्हणतात त्याला, एक पान असतं, गाणं झालं त्याच दिवशी कोणाचे किती टक्के ते लिहून सगळ्यांच्या सह्या. दहा मिनिटं लागतात.

फुकट_सल्ला_केंद्र

हे स्प्लिट शीटचं मात्र मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोनदा पोळलोय. एवढ्यापुरतं कॉलेजला मार्क देतो.

खडू_फळा

अजून एक राहिलं. पहिल्या महिन्यात मुलं एकदम सहा-सहा तास वाजवायला लागतात कारण आजूबाजूचे वाजवतायत. मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर "सवय होईल" म्हणून रेटू नकोस, थांब आणि तुझ्या शिक्षकांना दाखव, बऱ्याचदा पट्टा खूप खाली असतो किंवा अंगठा गरज नसताना दाबलेला असतो. पंचवीस मिनिटं वाजव, पाच मिनिटं गिटार खाली ठेव. त्या पाच मिनिटांत जे वाजवत होतास ते गाऊन बघ, म्हणजे माझा पण तास झाला.

नवखा_कानसेन

मंडळी, दहा दिवस झाले कॉलेज सुरू होऊन, सांगायला आलो.

प्लेसमेंटला जे येतं तेवढंच लिहिलं. रीडिंगला सगळ्यात खालचा वर्ग मिळाला, आम्ही अकरा जण आहोत, त्यात दोन ड्रमर आणि एक रॅपर आणि सध्या टाळ्या वाजवून क्वार्टर नोट म्हणतोय. इअर ट्रेनिंगला मधला वर्ग. खडूफळा सर, मूव्हेबल डो आहे, पहिल्याच तासाला विचारलं. तुम्ही म्हणालात तसंच झालं, बाईंनी पियानोवर चार सूर वाजवले, माझी बोटं मांडीवर आपोआप बरोबर जागी गेली आणि तोंडाला नाव येईना. मग मनात सा रे ग म म्हणून मग त्याचं डो रे मी करतो, एक स्टेशन जास्त लागतं पण पोचतो.

सात मात्रावाला भेटला. ताई तुमचा अंदाज साफ चुकला, तो खरंच तसाच वाजवतो, कुठूनही सुरू करून. वर कोणी काही विचारलं तर नीट सांगतो पण, त्यामुळे धड रागही धरता येत नाही.

काल पहिलं एन्सेम्बल झालं. चार्ट समोर आला आणि वर डावीकडे दोन फ्लॅट, म्हणजे की बी फ्लॅट. काळी पाच!! मला खरंच हसू आलं. कॉर्ड्स बघितले तर सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, म्हणजे तेच दोन तारांचं प्रकरण फक्त दोन फ्रेट खाली, आणि शेवटच्या कॉर्डला डी ची तार मोकळीच राहते. पियानोवाली मधल्या भागात भरपूर वाजवत होती, मी दोन तारांवर गप्प बसलो. पहिल्या चोवीस बारला कोणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि इथे लिहिलेलं सगळं वाचल्यावर मला वाटतं ते चांगलंच होतं.

मग डी.एस. आलं. गेलो मागे, बरोबर गेलो, मनातल्या मनात पाठ थोपटली, आणि त्या नादात कोड्याची उडी चुकली. बाकी पाच जण शेवटच्या आठ बारमध्ये आणि मी एकटा दुसऱ्या व्हर्समध्ये, आणि दोनच तारा वाजवत असल्यामुळे ते जास्तच स्पष्ट ऐकू आलं. सर थांबवून म्हणाले, "गिटार, कुठे निघालात?" खोलीभर हशा. म्हणाले तिथे खूण करून घ्या. आणि माझ्याकडे पेन्सिल नव्हती. एवढं सांगूनसुद्धा. इअरप्लग होते, काठीदादा, ते घातले होते. ड्रमरने कानामागची पेन्सिल काढून दिली, मी कोड्याभोवती एवढा जोरात गोल केला की कागदाला भोक पडलं.

परवा परत रिहर्सल आहे, नवीन चार्ट आलाय, की ई फ्लॅट. म्हणजे माझे दोन तारांचे पत्ते कुठे कुठे जातात ते आता शोधायला बसतो, खाली जागा संपली बहुतेक, वर जावं लागेल.

खर्जातली_बाई

व्हिडिओवाल्याचं मान्य, हरले. ई फ्लॅट साठी सी वाल्या जागेपासून तीन फ्रेट वर, सगळं तसंच.

काठी_अन_ठोका

ड्रमरची पेन्सिल परत केलीस का?

नवखा_कानसेन

...नाही.